सुखाधिकारी आणि बटणवाले शेठ

आमच्या कॉलेजात माझ्या खोलीच्या दारावर 'तत्त्वज्ञान विभाग' अशी पाटी होती. त्या पाटीमुळे माझ्याकडे जेवढे विद्यार्थी आले, त्याहून जास्त लोक पत्रिका दाखवायला आले. मी नोकरीत नवी होते तेव्हा एक फर्निचरवाले काका सरळ टेबलासमोर येऊन बसले आणि म्हणाले, "मैडम, शनि कब उतरेगा?" मी त्यांना समजावलं की इथे ग्रहांचं काम चालत नाही, विचारांचं चालतं. ते जागचे हलले नाहीत. "हाँ, तो विचार करके बताओ ना!"

एक बाई सुनेला समजावून सांगा म्हणून तिला हाताला धरून घेऊन आल्या. मी दोघींचं ऐकून घेतलं आणि सुनेची बाजू घेतली. त्या बाई परत आल्या नाहीत. सून मात्र पुढच्या वर्षी बाहेरून परीक्षेला बसली.

मी अंबरनाथची. वडील मोठ्या सरकारी कारखान्यात लेथ मशीनवर होते. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. मी चढले ती तत्त्वज्ञानात एम. ए. करूनच उतरले. वस्तीतल्या लोकांची अपेक्षा होती की पोरगी बँकेत लागेल, निदान शाळेत तरी. वडिलांनी एकदाच विचारलं, "यात करायचं काय असतं गं?"

मी म्हटलं, "कुणी काही ठासून सांगितलं की विचारायचं, कशावरून?"

"एवढंच ना? ते तर तू चालायला लागल्यापासून करतेस," ते म्हणाले. "आता पगार मिळेल."

मिळाला. उल्हासनगरात, विठ्ठलवाडी स्टेशनच्या बाजूच्या एका कॉलेजात. हा काळ ऐंशीच्या दशकातला. आमच्या कॉलेजात कॉमर्सच्या वर्गात उभं राहायला जागा नसायची आणि माझ्या वर्गात पंख्याखालचे बाक तेवढे भरायचे. बाहेरच्या माणसाला आमच्या धंद्यातली एक गोष्ट माहीत नसते, ती सांगते. कॉलेजात विषय जिवंत राहतो तो त्याच्या थोरवीवर नाही, तिसऱ्या वर्षाला किती पोरं बसतात त्यावर. ठरलेला आकडा भरला नाही की विषय बंद, आणि शिकवणारीचे तास दुसरीकडे फिरवतात, नाहीतर तिला घरी पाठवतात. त्यामुळे जून महिना आला की मी प्राध्यापक कमी आणि विमा एजंट जास्त असायचे. गणिताला घाबरणारी पोरं, इंग्रजीला घाबरणारी पोरं, दुपारी दुकानात बसायचं असल्यामुळे सकाळचेच तास हवे असलेली पोरं, अशा सगळ्यांना मी गाठायचे. "घ्या तत्त्वज्ञान. कशावरून असं विचारता येतं ना? मग झालं."

हा विषय पुढे नव्वदच्या दशकाच्या शेवटी आमच्याकडे बंद झालाच. ते इथेच सांगून टाकते, म्हणजे शेवटी रडगाणं नको. वाईट वाटलं, अजून वाटतं. पण सांगायचं आहे ते त्याच्या बऱ्याच आधीचं, एका वर्षाचं, जेव्हा तो कांचनपायी बंद पडायला आला होता.

कांचन सेकंड इयरला होती. कॅम्प पाचमध्ये तिच्या वडिलांचं बटणांचं दुकान. शर्टाची, कोटाची, जीनची, म्हणाल ती बटणं घाऊक मिळायची. पुढे दुकान आणि मागे, फाळणीनंतर सिंधी निर्वासितांना मिळालेल्या बराकीत, घर. आसपासच्या बायका तिथे बसून पुठ्ठ्याच्या कार्डांवर बटणं टाचून द्यायच्या. बाजारात तिच्या वडिलांना कुणी नावाने ओळखत नसे, सगळे 'बटणवाले' म्हणत. कांचन मराठी सफाईने बोलायची, फक्त 'ळ'च्या वाटेला जायची नाही. आणि वर्गात ती एकटी अशी होती की मी वाक्य पूर्ण करायच्या आत तिचा हात वर असायचा.

तिच्याबरोबर भगवान पाटील. हा चामटोलीचा. घरची भातशेती, बाप अंबरनाथच्या एका केमिकल कंपनीत. शेवटच्या बाकावर बसायचा आणि तिथून मोठ्याने बोलायचा. या दोघांवर माझा वर्ग चालायचा. बाकीचे ऐकायला असत.

त्या वर्षी युरोपातला अठराव्या शतकाचा काळ शिकवायचा होता. त्याला प्रबोधनाचा काळ म्हणतात. तिथले विचारवंत एका प्रश्नावर हिरिरीने भांडले: हे जग आहे तसंच उत्तम आहे का? देवाने केलंय म्हणजे चांगलंच असणार, असं एक बाजू म्हणायची. मग भूकंप का होतो, युद्ध का होतं, असं दुसरी विचारायची. हा वाद ग्रंथांत मिटेना, तेव्हा काही लेखकांनी त्याची टर उडवायला गोष्टी लिहिल्या. गोष्टीत एखादा शहाणा असायचा. तो प्रत्येक संकटानंतर सिद्ध करून दाखवायचा की झालं ते उत्तमच झालं, आणि वाचणाऱ्याची हसून मुरकुंडी वळायची. शेवटी बहुतेक सगळे एकाच मुक्कामाला यायचे: मोठ्या बाता सोडा, हाताला काम घ्या, चार माणसांत राहा, सुख असलंच तर तिथे असेल.

पुस्तकातलं वाचून दाखवलं तर वर्ग पेंगायला लागला. सगळी जहाजं, सरदार आणि परकी नावं. भगवान मागून म्हणाला, "मॅडम, हा शहाणा आपल्याकडं आला असता ना, तर दोन दिवसांत पळाला असता."

मी पुस्तक मिटलं. "बरं, आला. पुढे सांग."

त्या तासाला 'सुखाधिकारी' जन्माला आला. सरकारने एक अधिकारी नेमलाय, आणि अंबरनाथ-बदलापूर-उल्हासनगरातले लोक सुखी आहेत हे सिद्ध करायचं त्याचं काम. जो तक्रार करेल त्याला तो पटवतो आणि त्याच्या तळहातावर 'सुखी' असा शिक्का मारतो. पोरांनी आठवडाभरात नाटुकलं उभं केलं आणि स्नेहसंमेलनात करायचं ठरलं. सुखाधिकारी झाली कांचन. भावाचा सफारी, पेन्सिलने काढलेली मिशी, आणि हातात लायब्ररीतून उसना आणलेला रबरी शिक्का.

अजून काही संवाद पाठ आहेत. एक बाई येते. "साहेब, नळाला पाणी नाही."

"नळाला पाणी आलं असतं, तर टँकरपाशी शेजारणीची ओळख झाली असती का?"

"झाली ना साहेब. आता आम्ही एकमेकींशी बोलत नाही."

"बघा! भांडायला हक्काचं माणूस मिळालं. यालाच समाजजीवन म्हणतात. हात पुढे करा." शिक्का.

मग अंबरनाथचा कामगार. "साहेब, कंपनीच्या वासानं नाक गेलं."

"म्हणजे नाल्याचा वास येत नाही?"

"नाही."

"एका दुःखाने दुसरं दुःख फुकटात घालवलं. हात पुढे." शिक्का.

संमेलनाच्या दिवशी मांडव भरला होता. बाजारातल्या व्यापाऱ्यांनी संमेलनाला मदत केली होती, म्हणून ते दुसऱ्या रांगेत, त्यात कांचनचे वडीलही. पहिले प्रवेश जोरात गेले. मग बराकीचा प्रवेश आला. भगवान म्हातारा झाला होता. तो म्हणतो, "साहेब, आमचं घर सरहद्दीच्या पलीकडं राहिलं. जमीन राहिली, गाव राहिलं. अंगावरच्या कपड्यांनी इथं आलो."

इथे सुखाधिकाऱ्याचं लिहिलेलं वाक्य साधं होतं: प्रवासाने माणसाचं ज्ञान वाढतं. कांचनने ते म्हटलंच नाही. तिने उजवा हात छातीवर ठेवला, एक डोळा बारीक केला, मान डोलावली आणि म्हणाली, "जो हुआ, अच्छा हुआ! उधर रहते तो इधर बटन कौन बेचता?"

मग दुसरी रांग फुटली. व्यापारी एकमेकांच्या पाठीवर थापा मारायला लागले. कुणीतरी ओरडलं, "अरे, ये तो अपना बटनवाला है!" हात छातीवर, डोळा बारीक, तेच वाक्य. अख्खा बाजार ते रोज ऐकायचा, हे मला त्या क्षणी कळलं. तालमीत कांचनने हे एकदाही केलं नव्हतं.

तिचे वडील उठले. रुमालाची घडी खिशात ठेवली आणि रांगेतून वाट काढत निघून गेले. कांचनने म्हाताऱ्याच्या हातावर शिक्का मारला आणि प्रवेश पूर्ण केला. शिक्का नीट उमटला.

दुसऱ्या दिवसापासून कांचन कॉलेजात नाही. काही दिवसांनी भगवान खबर घेऊन आला. "मॅडम, ती दुकानात बसलीय. मी बटणं घ्यायच्या निमित्तानं गेलो होतो. तिच्या बापानं मला ओळखलं. म्हणाला, क्या रे बुड्ढे, कितने साल का है तू?"

"मग?"

"मग काय, बटणं घेऊन आलो. आता आईला सांगायचं काय, कुठल्या शर्टाची?"

"कांचन काही बोलली?"

"एवढंच बोलली, परीक्षेला पाठवतील. पुढचं नाय. टीवायचं नाव काढायचं नाय म्हणालेत."

प्राचार्य कॉमर्सचे होते, सज्जन माणूस, पण आकडेमोडीतला. त्यांनी मला बोलावलं. "मॅडम, ही मुलगी गेली तर तुमचे तिसऱ्या वर्षाचे विद्यार्थी पुरत नाहीत. तुमच्या नाटकानंच तुमचा विषय खाल्ला. जाऊन माफी मागून या."

"माफी कशाची, सर?"

"ते तिथे जाऊन ठरवा. पण जा."

गेले. माफीचं मनात नव्हतं. विषयाची काळजी होती हे खोटं कशाला बोलू, पण तेवढ्यासाठी मी कुणाच्या दारात गेले नसते. दरवर्षी माझ्या वर्गातून दोन-चार मुली अशा गळायच्या. कुणाचं लग्न, कुणाचं दुकान, कुणाची आई आजारी. मी चुटपुटत राहायचे आणि पुढचा धडा घ्यायचे. या वेळी तसं करायचं नव्हतं.

दुकानामागच्या घरात शेठनी मला बसवलं. सिंधी घरात गेलं की आधी पाणी आणि पापड. पाहुणा मित्र असो की वैरी, पापड येतोच. कांचनच्या आईने तो आणला आणि त्या दाराशी उभ्या राहिल्या. कांचन पलीकडे जमिनीवर बसून कार्डांना बटणं टाचत होती. तिने मान वर केली नाही.

शेठ म्हणाले, "मैडम, हँसने का बुरा नहीं लगा. बाज़ार में मेरे ऊपर रोज़ हँसते हैं. पण वो लाइन मेरी नहीं है. मेरे बाप की है."

मी पापड मोडला.

"उधर हमारा आँगनवाला घर था. नौकर थे. इधर ये बराक मिली, बीच में टाट का पर्दा लगाके दो घर. मेरा बाप गले में ट्रे लटकाके बटन बेचता था, रस्त्यावर. रोज़ सुबह ट्रे उठाने से पहले बोलता, जो हुआ अच्छा हुआ. उसको मालूम था झूठ है. मेरी माँ को मालूम था. लेकिन वो बोलता नहीं तो ट्रे उठता नहीं." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तुमच्या नाटकात ते वाक्य बेवकूफ़ माणूस बोलतो. मेरा बाप बेवकूफ़ नहीं था."

ते नेमकं वर्मी लागलं. पुस्तकात मी त्या शहाण्याला हसत आले होते. सकाळी उठून काम सुरू करायला कुणाला त्याच्या वाक्याचा टेकू लागत असेल, हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. पण गप्प बसणं माझ्या स्वभावात नाही.

"शेठ," मी म्हटलं, "आता माझ्या आजोबांचं ऐका. ते गावात मेलेली गुरं ओढायचे. गाव त्यांना सांगायचं, आहे ते बरोबरच आहे, मागल्या जन्माचं फळ आहे, नेमून दिलेलं काम कर आणि सुखात राहा. म्हणजे तुमच्या वडिलांचंच वाक्य. छप्पन साली आजोबांनी दीक्षा घेतली, ते काम टाकलं आणि गावाला सांगितलं, अच्छा वगैरे काही नाही. त्यांनी तसं म्हटलं नसतं तर मी आज इथे तुमचा पापड खात बसले नसते."

शेठ पापडाकडे बघत म्हणाले, "काम तो काम है, मैडम. छोटा-बड़ा नहीं होता."

"असं? मग करता अदलाबदल?"

दाराशी उभ्या असलेल्या कांचनच्या आईने पदर तोंडाला लावला. त्या हसत होत्या की घाबरल्या होत्या, मला कळलं नाही.

"नाही ना करत?" मी म्हटलं. "शेठ, तुमच्या वडिलांनी ते वाक्य स्वतःला सांगितलं. माझ्या आजोबांना ते दुसऱ्यांनी सांगितलं. स्वतःला सांगितलं तर ती हिंमत. दुसऱ्याला सांगितलं तर तो शिक्का. आम्ही शिक्क्याला हसलो, तुमच्या वडिलांना नाही."

शेठनी शेजारचं बटणांचं कार्ड उचलून उलटसुलट पाहिलं. मग सावकाश म्हणाले, "मतलब ये लड़की ने मेरे बाप की लाइन गलत आदमी के मुँह में डाली."

मी हो म्हणणार होते. तेवढ्यात कांचन म्हणाली, "गलत नहीं डाली, बाबा."

तिचे हात कार्डावर होते, पण बटण टाचणं थांबलं होतं.

"दादाजी ख़ुद को बोलते थे. आप नीलू को बोले."

नीलू तिची मोठी बहीण. दहावीला चांगली पास झाली होती. शाळा सुटली आणि तिचं लग्न झालं, हे मला ठाऊक होतं. बाकीचं कांचनने सांगितलं. "वो रो रही थी. आपने यूँ हाथ रखके बोला, जो हुआ अच्छा हुआ, पढ़के भी रोटी बेलती. तब मम्मी भी रो रही थी. कोई नहीं हँसा था. मैंने सोचा, एक बार सबको हँसने दो."

आई आत निघून गेल्या.

शेठचा चेहरा लाल झाला. ते माझ्याकडे वळले. "देखा? हेच शिकवता तुम्ही?"

"नाही शेठ. हे तिचं तिने शोधलं. मी शिकवलं असतं तर इथे पापड खात बसले नसते, मिरवत फिरले असते."

"तो क्या सिखाते हो? तीन साल पोरं बसतात, कुछ तो माल मिलता होगा!"

"येऊन बघा."

"आऊँगा," ते म्हणाले. "बाज़ार बंद असतो त्या दिवशी. और ये भी आएगी मेरे साथ. तब तक दुकान में बैठेगी."

खरंच येतील असं मला वाटलं नव्हतं. आले. इस्त्रीचा शर्ट, केसांना तेल, आणि मागून कांचन. मी त्यांना मागचा बाक दाखवला, तर म्हणाले, "माल आगे से देखते हैं," आणि पहिल्या बाकावर बसले. वर्ग ताठ झाला. भगवान कधी नव्हे तो गप्प.

मी त्या काळातल्या वादाचा शेवट शिकवायला घेतला. त्यांच्यासाठी मुद्दाम निवडला नव्हता, धडाच तिथे आला होता. पण निवडला असता तरी मला लाज वाटली नसती. बाता थकतात, मग माणसं कामाकडे वळतात. काम कंटाळ्याला, वाईट नादाला आणि गरजेला दूर ठेवतं, असं त्या लोकांचं म्हणणं, हे मी सांगितलं.

"ये बात!" शेठनी बाकावर हात मारला. "कौन बोला ये? सिंधी होगा!"

वर्ग हसला आणि मोकळा झाला. भगवानचा आवाज परत आला. "शेठ, पण सगळं काम सारखं नाय. माझा बा कंपनीत आठ तास उभा राहतो. घरी आला की भिंतीकडं बघत बसतो, भाकरी मागायला पण तोंड उघडत नाय. तोच बा लावणीला चिखलात उतरला की त्याची बडबड थांबत नाय."

"खेत उसका है, इसलिए," शेठ म्हणाले. "आपला माल, आपली मेहनत."

"नाय ना! आमच्याकडं सावड असते. आज मी तुझ्या शेतात, उद्या तू माझ्या. दुसऱ्याच्या शेतात पण तो तेवढाच बडबडतो. जास्तच. तिथं दुसऱ्याच्या बायकोची भाजी नावाजता येते."

शेठ हसले नाहीत. ते विचारात पडले होते आणि त्यांना ते लपवता येत नव्हतं. "मेरे यहाँ औरतें कार्ड लगाती हैं," ते म्हणाले, माझ्याकडे नाही, भगवानकडे बघत. "बात करती हैं तो मैं चिल्लाता हूँ. बात करने से बटन टेढ़ा लगता है."

"लागतं का पण खरंच?" मी विचारलं.

"कशावरून, बाबा?" हे कांचन. मुलींच्या बाकावरून, आणि मराठीत. वडिलांशी ती मराठीत पहिल्यांदाच बोलत असावी, कारण ते दचकून वळले. "तुम्ही नसता तेव्हा आम्ही बोलतच असतो. तेव्हाची बटणं कधी वेगळी काढून बघितलीत?"

"तुम बात करते हो?"

"सगळ्या. मम्मी पण."

"तर मग सांग," शेठही मराठीवर आले. रागाने आले की पोरीला तिच्याच मैदानात गाठायला, ते तेच जाणोत. "काम करताना बोलणं पाहिजे, हे पाहिजे, ते पाहिजे. मला काय मिळालं? माझा बाप गेला तेव्हा मी तुझ्याएवढा. मला विचारलं कोणी, तुला बटण आवडतो का? मी बसलो दुकानात. तरी मी सुखी आहे की नाही?"

"आहात?" कांचनने विचारलं.

मी मध्ये पडू शकले असते. आमच्या धंद्यात सगळ्यात अवघड कौशल्य कोणतं असेल तर ते हे: प्रश्न नीट पडला की खडू ठेवून द्यायचा आणि गप्प उभं राहायचं. मी आयुष्यात फार वेळा ते पाळलं नाही. त्या दिवशी पाळलं.

शेठनी हात छातीकडे नेला. सवयीने. मग तो तिथवर न पोहोचताच खाली बाकावर ठेवला. "वो..." ते म्हणाले, "वो सोचना पड़ेगा."

"सोचिए ना," भगवान मागून म्हणाला. "आम्ही तेच करतो हितं. पेपरात लिहावं पण लागतं."

तेवढ्यात घंटा झाली. शेठ चिडून दाराकडे बघत म्हणाले, "अभी किसने बजाया?" त्यांना कुणीतरी सांगितलं की तास संपला. "बीच में?" ते म्हणाले. "सौदा बीच में छोड़के कोई दुकान बंद करता है?"

पोरं बाहेर गेली. मी वही आवरत होते. आमच्या तिघांशिवाय वर्गात कुणी नव्हतं. शेठ उठले, बाकावरची धूळ झटकली आणि कांचनशी सिंधीत बोलायला लागले. बराच वेळ बोलले. आवाज चढत होता, उतरत होता. मला 'पुट' एवढाच शब्द समजला. पोरीला लाडाने म्हणतात तो. कांचन खाली मान घालून ऐकत होती. मग तिचे खांदे हलायला लागले. मला वाटलं, रडते आहे. झालं, गेला विषय, गेली पोरगी.

ती हसत होती. डोळे पुसत हसत होती.

"काय म्हणाले?" मी विचारलं.

शेठ एव्हाना व्हरांड्यात जाऊन पाठमोरे उभे होते, जणू त्यांचा या बोलण्याशी संबंध नाही.

"मॅडम, बाबा म्हणतात," कांचन म्हणाली, "तू दुकानात बसलीस तर गिऱ्हाइकाला पण विचारशील, कशावरून. सगळं गिऱ्हाईक पळून जाईल. त्यापेक्षा अजून एक वर्ष इथेच बस, आणि काय भांडायचं ते मॅडमशी भांडून घे."